काचेवरचं कुंकू

सिलिंडर हुकावरून काढायचा, तान्ह्या बाळाला ढेकर यावी म्हणून धरतात तसा खांद्याशी धरायचा, मग अलगद उलटा करून बुडाला कान लावायचा आणि तळहाताने थोपटत विचारायचं, "जागो आसस मरे?" म्हणजे, जागा आहेस ना रे?

ही वयनीची तपासणी. आग विझवायचा लाल सिलिंडर तिच्या लेखी एक झोपाळू माणूस होता. तो कामाच्या वेळी पेंगू नये, एवढीच तिची अपेक्षा. तुमच्यापैकी कुणी पेडण्याच्या बाजूला डॉल्फिन बघायला आला असाल आणि जेटीवर नऊवारी नेसलेली, कपाळ मोकळं असलेली एक बाई लाल डब्याशी बोलताना दिसली असेल, तर ती हीच. तुम्ही हसला असाल. मीसुद्धा हसलो होतो.

माझं पोट या सिलिंडरांवर आहे. तुयेच्या औद्योगिक वसाहतीत आमचं लहानसं युनिट आहे. तिथे सिलिंडर भरतात, त्यांचा दाब तपासतात, म्हातारे झालेले मोडीत काढतात. मी पिकअप घेऊन फिरतो. धारगळचे पेट्रोल पंप, किनाऱ्यावरची हॉटेलं, शाळा आणि नदीकाठची ही जेटी. काम तसं न बोलता करायचं आहे, आणि मला ते बरं पडतं.

वयनी म्हणजे वहिनी, सगळ्या जेटीची. तिचा नवरा आधी डिचोलीकडच्या बार्जवर इंजिन सांभाळायचा. शिरगावकडचं खनिज बार्जमधून बंदरावर जायचं. खाणी थांबल्या, बार्जा नदीत नांगरून गंजू लागल्या, तेव्हा त्याने ही बोट घेतली. बोट घेण्याआधी तो आमच्याकडे सिलिंडर बघायला आला होता. बार्जच्या इंजिनखोलीत त्याने आग पाहिली होती म्हणे. दहा सिलिंडर उचलून पाहिले आणि एक निवडला, भोपळा निवडावा तसा. बोटीत तो अडकवायचा पट्टाही त्याने स्वतः ठोकला. मग काही वर्षांत कावीळ झाली आणि तो गेला.

बोट आता विकणार, असं सगळे धरून चालले होते. वयनीने विकली नाही. जेटीवर बोटींच्या पाळ्या असतात. प्रत्येकाचा नंबर ठरलेला, पर्यटक आले की नंबराप्रमाणे बोट सुटते. नंबर असला तर बोट ही बोट, नाहीतर नुसती लाकडं. वयनीने नवऱ्याचा नंबर आपल्या नावावर करून घेतला, वेंगुर्ल्याकडचा सगुण तांडेल म्हणून, म्हणजे बोट चालवायला, ठेवला, आणि स्वतः जेटीच्या पायरीवर बसून पर्यटकांना लाइफ जॅकेटं घालू लागली. पट्टे इतके आवळायची की जाडी माणसं श्वास घ्यायला परवानगी मागत.

मी तिला आगीची भीती घालायचो. ती म्हणायची, "आमच्या शिरगावात माणसां इंगळ्यांवरसून चलतत, आणि तू माका आगीचो भंय घालतस?" तिचं माहेर शिरगावचं. वडील जत्रेत व्रत धरून विस्तवावरून चालणारे. लहानपणापासून तिने आग ही वर्षातून एकदा पाहुणी येणारी गोष्ट म्हणून पाहिलेली. मी म्हटलं, तिथली आग सांगून येते, पेट्रोलची सांगत नाही. हे तिला पटलं. मग तिने मला बसवून घेतलं आणि सगळं नीट विचारून घेतलं.

मी सांगितलं ते असं. महिन्यातून एकदा काचेतला काटा बघायचा, हिरव्या पट्ट्यात हवा. पिन आणि तिचं सील जागेवर हवं. नळीचं तोंड मोकळं हवं. खाऱ्या वाऱ्याने बूड गंजलंय का ते बघायचं. आणि उलटा करून थोपटायचा, कारण बोटीच्या हादऱ्यांनी आतली पावडर बसून बसून विटेसारखी होते. वर्षाला एकदा तो माझ्याकडे द्यायचा. थोडासा जरी वापरला तरी परत भरून घ्यायचा, अर्ध्यावर ठेवायचा नाही.

महिन्यातून एकदा म्हणजे कधी, असं तिने विचारलं. पहिल्या तारखेला म्हणा, असं मी म्हटलं. ती म्हणाली, तारीख कोण ध्यानात ठेवणार, मी अवसेला करते. अवसेला नाहीतरी कुणी नवं काम काढत नाही, बोटवाले रिकामे पायरीवर बसून एकमेकांची उणी काढत असतात. झालं. हळूहळू अख्ख्या जेटीने अवस धरली. महिन्यातून एक दिवस तुम्ही तिथे गेलात तर दहा-बारा धडधाकट पुरुष लाल सिलिंडर उलटे धरून, कान लावून उभे दिसायचे. एकदा एका पर्यटकाने फोटो काढून सगुणला विचारलं की हा कुठला विधी. सगुणने चेहरा न हलवता सांगितलं की फार जुना आहे.

आणखी एक सांगतो, म्हणजे तुम्हाला ती कळेल. एका अवसेला तिला नळीच्या तोंडात मातीचा गोळा सापडला. कुंभारमाशीने घर केलं होतं. खाडीकाठी हे नेहमीचं. मी तार घेऊन तो फोडायला गेलो तर तिने माझा हात धरला. "बाळंतीण आसा ती. तिका खंय धाडतलस?" मी समजावलं, नळी बंद तर सिलिंडर असून नसून सारखा. तिने दोन्ही बाजू ऐकून घेतल्या, माझी आणि माशीची. मग माझ्या पिकअपमधला जादा सिलिंडर बोटीत लावून घेतला आणि तिचा स्वतःचा पायरीवरच्या सावलीत ठेवला. माशीची पिल्लं उडून जाईपर्यंत तो तिथेच राहिला. मग तिने आपल्या हाताने नळी साफ केली आणि मला निरोप धाडला, 'तुझो घेवन वच, माझो मोकळो झालो.'

हा जादा सिलिंडर ध्यानात ठेवा. तो पिकअपमध्ये कायम असतो. पुढे जे घडलं, त्या वेळीही होता.

त्या वर्षी दसऱ्याला मी जेटीवर दुसऱ्या एका बोटीचे भरलेले सिलिंडर घेऊन गेलो. सगळीकडे झेंडूच्या माळा, यंत्रांना आंब्याच्या डहाळ्या, नारळ. वयनीच्या बोटीवर मात्र काही नव्हतं. ती तबक घेऊन पायरीवर बसली होती. सगुणला सुतक आलं होतं, तो गावाला गेला होता. तबकात हळद-कुंकू, फुलं, सगळं होतं. कुंकू लावणारं कुणी नव्हतं.

मी विचारलं नाही, तुम्हीच का नाही लावत. तुम्हीही विचारलं नसतं. आपल्याकडे आता पुष्कळ बदललंय असं आपण म्हणतो. पण गावातल्या जेटीवर, चार बोटवाल्यांच्या देखत विधवा बाई यंत्राला कुंकू लावत नाही, हे कुणी कुणाला सांगावं लागत नाही. ती म्हणाली, "पुता, आज तूच कर."

मी बूट काढून बोटीत चढलो. यंत्राला लावलं, सुकाणूला लावलं, नांगराला लावलं. मग तिच्या नवऱ्याने निवडलेला तो सिलिंडर. सिलिंडरला कपाळ कुठे असतं? तुम्ही बघा, वर गोल काच असते आणि तिच्यात काटा. अगदी चेहऱ्यासारखी. हाताचं बोट आपोआप तिथे जातं. वाऱ्याने उडू नये म्हणून मी कुंकू खोबरेलात चांगलं घट्ट कालवलं होतं, त्याची मला वर ऐटही होती. काचेच्या बरोब्बर मधोमध मी ठसठशीत टिळा लावला.

लावण्याआधी मी काटा पाहिला होता. पाहणं माझ्या हाडात आहे. काटा हिरव्यातच होता, पण हिरव्याच्या काठाला टेकलेला. आमच्या धंद्यात खरी गोम इथे आहे. लोक काटा तांबड्यात जायची वाट बघतात. पण सिलिंडर उतरवायचा तो काटा तांबड्यात गेल्यावर नाही, हलायला लागल्यावर. हे मी लोकांना रोज सांगतो. त्या दिवशी वयनी हात जोडून उभी होती, डोळे मिटलेले. मनात म्हटलं, आज सणाच्या दिवशी कुठे उतरवू, दिवाळीनंतर नेतो. आणि त्याच काट्यावर टिळा लावला.

दिवाळी झाली. हॉटेलांचा हंगाम सुरू झाला, मी तिकडे अडकलो. जेटीवर गेलो तेव्हा थंडी पडली होती. टिळा तसाच, तेलाने काळपट झालेला. काचेतलं काही दिसत नव्हतं. मी खिशातून फडकं काढलं. वयनी पायरीवरून पाहत होती. तिथूनच म्हणाली, "पुसू नको." आणि मग, थोड्या खालच्या आवाजात, "एकदां पुसलां तां पुरे."

तिचं कुंकू पुसलं तेव्हाचा दिवस मला माहीत होता, मी त्यांच्या अंगणात उभा होतो. फडकं मी खिशात घातलं. ती उतरून आली, सिलिंडर उलटा केला, कान लावला, थोपटला. आत पावडर सळसळली. "जागो आसा," ती म्हणाली, माझं समाधान करावं तसं.

पावडर जागी होती, हे खरं. पण पावडर बाहेर ढकलणारा वायू गेला की राहिला, हे कान सांगत नाही, ते फक्त काटा सांगतो. मला हे ठाऊक होतं. पिकअपमध्ये जादा सिलिंडर होता. एवढंच म्हणायचं होतं, वयनी, हा मी न पुसता तुयेला नेतो, टिळ्यासकट, तोवर हा दुसरा ठेवा. माशीसाठी तिने आपणहून केलं होतं तेच. माझ्याच्याने ते वाक्य झालं नाही. त्या 'एकदां पुसलां'नंतर कुठलंही वाक्य मला मोठं वाटलं. मी पुढच्या बोटीकडे गेलो.

आग लागली ती नशिबाने जेटीला लागून. पर्यटक उतरले होते. पेट्रोलची नळी कुठेतरी चिरली होती, सगुणने यंत्र परत चालू केलं आणि मागे भडका उठला. वयनीने उडी मारून सिलिंडर काढला, पिन ओढली, दाबला. सगुण सांगतो, सिलिंडर खोकला. म्हाताऱ्या माणसासारखा एकदाच खोकला, चिमूटभर पावडर पडली आणि संपलं. तिने रिकामा सिलिंडर टाकला, जेटीवरचं ओलं गोणपाट यंत्रावर टाकून दोन्ही हातांनी दाबून धरलं. तोवर शेजारच्या बोटीतून दुसरा सिलिंडर आला. बोट वाचली. तिच्या उजव्या तळहाताची आणि अंगठ्याची कातडी गेली.

मला फोन आला तसा मी गेलो. बंदर खात्याचे साहेब आले होते. हाताला केळीच्या पानाचं वेष्टण करून वयनी पायरीवर बसलेली, भोवती सगळे बोटवाले. साहेबांनी सिलिंडर माझ्याच हातात दिला आणि काचेकडे बोट दाखवून विचारलं, हे काय आहे. कुंकू, असं कुणीतरी म्हटलं. साहेबांनी विचारलं, काटा झाकून कुंकू कुणी लावलं?

मी तोंड उघडलं की नाही, मला आजही सांगता येत नाही. वयनीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कुंकू मियां लावलां."

साहेबांना त्यात काही वाटलं नाही. त्यांनी नुसती मान हलवली आणि पुढचं विचारायला लागले. पण बोटवाल्यांच्या माना वळल्या. आग, पेट्रोल, भाजलेला हात, सगळं क्षणभर मागे पडलं. विधवेने यंत्राला कुंकू लावलं आणि यंत्र पेटलं. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट जेटीवरून गावात गेली होती, आणि मी रिकामा सिलिंडर मांडीवर घेऊन पिकअपमध्ये बसलो होतो. साहेबांनी परत विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मी स्वतःला सांगत होतो. ते परत कशाला विचारतील?

बोट पुन्हा पास होईपर्यंत तिची पाळी बंद झाली. ऐन हंगामात. त्यावर दामू, बोटवाल्यांचा म्होरक्या, नंबरच काढून घ्या म्हणू लागला. त्याचं म्हणणं दोन थरांचं होतं. वरचं असं, की जेटीचं नाव खराब होतं. खालचं तो चहाच्या गाड्यावर बोलला, की बायकांनी कुंकवाला हात लावला की असंच होणार. वयनी पलीकडच्या बाकावर भाजी-उंडो, म्हणजे भाजी आणि आमचा गोल पाव, खात होती, डाव्या हाताने. ती उंड्याचा तुकडा भाजीत बुडवत म्हणाली, "दामू, तुझ्या यंत्राक तुझ्या बायलेन लावलां मां? मगे तां सकाळी सुरू कित्याक होणा?" गाडेवाला चहा गाळायचा थांबला. दामूचं यंत्र रोज सकाळी दोरी ओढून ओढून अख्ख्या जेटीला उठवायचं, हे कुणाला सांगायला नको होतं.

हसणं झालं, पण नंबराचा निकाल हसण्यावर लागत नाही. बैठक बसली, जेटीवरच, अवसेला. मलाही बोलावलं, सिलिंडरवाला म्हणून. दामूने सांगायचं ते सांगितलं. वयनीने आपल्यासाठी एक शब्द मागितला नाही. ती म्हणाली, माझा नंबर काढायचा तर काढा, पण आधी ज्याने-त्याने आपल्या सिलिंडरची काच पुसा.

तेव्हा कळलं, दसऱ्याचा टिळा बहुतेकांनी काचेवरच लावला होता. मी म्हटलं ना, ते कपाळासारखंच दिसतं. आणि पूजेचा टिळा पुसायला कुणाचा हात होईना. शेवटी दामूनेच, म्होरक्या म्हणून, खांद्यावरचा टॉवेल घेतला आणि आपल्या सिलिंडरची काच घासली. काटा तांबड्यात आडवा पडला होता.

वयनीने वाकून पाहिलं. "हो तर निजलोच," ती म्हणाली. एवढंच.

दामूने टॉवेल परत खांद्यावर टाकला. नंबराचं नाव त्या दिवशी निघालं नाही, नंतरही निघालं नाही. पण मी तिथे उभा होतो, आणि याही वेळी सांगितलं नाही की वयनीच्या काचेवरचा टिळा माझा. सगळ्यांनीच काचेवर लावला होता, आता त्याने काय फरक पडतो, असं मी ठरवून टाकलं. फरक पडत होता. बाकीच्यांनी टिळा काचेवर लावला, एवढीच त्यांची चूक. तिच्या माथी टिळा लावणं हाच दोष होता.

नवा सिलिंडर घेऊन मी तिच्याकडे गेलो. जुन्याचं तोंड उष्णतेने गेलं होतं, तो भरण्यासारखा उरला नव्हता. मोडीतल्या सिलिंडरला आम्ही भोक पाडतो, म्हणजे कुणी रंग देऊन परत विकू नये. मी ड्रिल बाहेर काढलं तेव्हा ती म्हणाली, थांब. जुना सिलिंडर तिने मांडीवर घेतला. बुडाची कड गंजली होती, तिच्यावरून बोट फिरवत म्हणाली, "माणसासारखोच. पायांकडसून म्हातारो जाता." मग डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट काचेवर घासलं. टिळा निघायला वेळ लागला. खाली काटा होता, तळाला.

बोटावर आलेलं कुंकू तिने पदराला पुसलं नाही. उठून नव्या सिलिंडरकडे गेली. चहूबाजूंनी पाहिलं. काचेच्या खाली, जिथे लाल रंग सुरू होतो तिथे बोट टेकवून मला विचारलं, "हांगा चलात?" चालेल, असं मी सांगितलं. तिने तिथे लावलं. लाल रंगावर कुंकू दिसत नव्हतं, नुसता तेलाचा ओला डाग दिसत होता. तो तिला पुरला. मग म्हणाली, "आतां पाड भोक." मी पाडलं.

त्यानंतर दर दसऱ्याला तिने आपल्या बोटीची पूजा स्वतः केली. लोकांनी एक वर्ष नाकं मुरडली. दुसऱ्या वर्षी कमी. लोकांना नवी कारणं मिळत असतात.

मला मात्र एक गोष्ट सुटत नव्हती. त्या दिवशी ती तसं का म्हणाली? पुष्कळ वर्षं मी विचारलं नाही. अवसेला जायचो, काटे बघायचो, ती चहा द्यायची, मी प्यायचो. मग तिला पोटाचं दुखणं लागलं आणि जेटीवर यायची बंद झाली. उन्हाळ्यात एकदा घरी गेलो तेव्हा ती सोप्यावर बसून वाळत घातलेली कोकमाची सोलं उलटत होती. मी उभ्या-उभ्याच विचारलं.

तिने हातातलं सोल खाली ठेवलं. "तुका इतक्या वर्सांनी तोंड फुटलां?"

मी खाली बसलो. ती म्हणाली की तिने माझं नाव घेतलं असतं तर साहेबांनी माझा सिलिंडर तपासायचा परवाना काढून घेतला असता. आणि नसता घेतला, तरी मी शरमेने जेटीवर फिरकलो नसतो. मग दामूच्या काट्याकडे कोण बघणार होतं? हे सगळं ती इतक्या सहज सांगत होती की मला वाटलं, संपलं. सोलं उलटी करून झाल्यावर ती परत बोलली.

"आणि खरां सांगू? तां म्हणताना माका बरां वाटलां."

काय म्हणताना, असं मी विचारलं.

"कुंकू मियां लावलां, असां. चार माणसांत." तिने भाजलेला अंगठा दुसऱ्या हाताने चोळला. चोळायची तिला सवय लागली होती. "हात जळत होतो, तरीय बरां वाटलां."

मग तिने आत हाक मारून चहा टाकायला सांगितला आणि विचारलं, सगुणच्या बोटीचा काटा कुठे आहे. जेटीवर यायची बंद झाली तेव्हाच बोट तिने सगुणच्या हवाली केली होती.

ती पावसाआधी गेली.

यंदाच्या दसऱ्याला मी ठरवून जेटीवर गेलो. कामाचं काही नव्हतं. दामू चहाच्या गाड्यावर भेटला, आता तोही थकलाय. मी त्याला सांगितलं. तो टिळा माझा होता, काटा मी आधी पाहिला होता, साहेबांसमोर मी गप्प राहिलो. सगळं सांगितलं, या कागदावर सांगितलंय तसंच.

दामूच्या तोंडात घास होता. तो त्याने सावकाश गिळला. रागावेल असं वाटलं, हसेल असंही वाटलं. तो माझ्याकडे बघतच नव्हता. त्याच्या दुसऱ्या बोटीत त्याची धाकटी बहीण उभी होती, हातात तबक. नवरा गेल्यावर ती माहेरी आली, दामूने तिला ही बोट बघायला दिली. यंत्राला, सुकाणूला, नांगराला ती कुंकू लावत होती. भोवती लोक होते, आपापल्या माळा बांधत. कुणीही वळून बघत नव्हतं.

"तां तुझ्याकडेच ठेव," दामू हळू म्हणाला.

मी म्हटलं, पण खरं तेच आहे.

"वयनीन लावलां," तो म्हणाला. "तिना लावलां, म्हणान ही लावता. कळलां?" आणि पेला ठेवून उठला.

म्हणून सांगतो, तुम्ही कधी त्या जेटीवर गेलात तर हे बोलू नका. तुमच्यापाशी बोललो, मला तेवढं पुरे.

मी निघालो तेवढ्यात दामूच्या बहिणीने हाक मारली. ती सिलिंडरपाशी आली होती. कुंकवाचं बोट काचेच्या खाली धरून विचारत होती, "हांगा मां?"

हो, तिथेच, असं मी म्हटलं. तिने लावलं, हात जोडले आणि तबक घेऊन पुढे गेली. काच मोकळी होती. काटा हिरव्याच्या अगदी मधोमध. तरी मी बूट काढून बोटीत चढलो, खिशातलं फडकं काढलं, काच पुसली आणि पुन्हा एकदा पाहिलं.